‘नऊ दाबा’ सांगणारा फोन

‘आपका मोबाइल नंबर अगले दो घंटे में बंद कर दिया जाएगा. अधिक जानकारी के लिए नौ दबाइए.’ आवाज बाईचा, शांत, सरकारी थाटाचा. सुरुवातीला कधी ट्रायचं, म्हणजे दूरसंचार नियामक संस्थेचं नाव असतं, कधी दूरसंचार विभागाचं, तर कधी ‘तुमचं पार्सल कस्टमने अडवलंय’ असं सांगणाऱ्या कुरियरचं. नाव बदलतं, पुढचा सगळा डाव तोच राहतो. या डावात आयुष्यभराची पुंजी गमावलेली माणसं अडाणी नव्हती. त्यांत निवृत्त प्राध्यापक आहेत, डॉक्टर आहेत, बँकेतच नोकरी करून निवृत्त झालेलेही आहेत. म्हणून ‘आपण असे फसणार नाही’ हे गृहीत धरून वाचू नका.

ध्वनिमुद्रित आवाज वापरण्यामागे साधा हिशोब आहे. यंत्र एका दमात हजारो नंबर फिरवतं आणि त्याला पगार द्यावा लागत नाही. बहुतेक लोक फोन ठेवून देतात, आणि ठगांनाही तेच हवं असतं. नऊ दाबतो तो माणूस अर्धा विश्वास ठेवून बसलेला असतो, आणि खरा बोलणारा ठग आपला वेळ फक्त त्याच्यावर घालवतो. ती रेकॉर्डिंग म्हणजे चाळण आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘नऊ दाबलं की खातं रिकामं होतं’ असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतात. नुसतं बटण दाबून खात्यातून एक रुपयाही जात नाही. पण त्या मेसेजमुळे उलटंच नुकसान होतं. ज्याने घाबरून नऊ दाबलं आणि पैसे जागच्या जागी असल्याचं पाहिलं, त्याला वाटतं, म्हणजे फोन खरा असावा. बटण दाबल्याने एवढंच होतं की हा नंबर चालू आहे आणि उचलणारा ऐकून घेतो, याची नोंद होते आणि फोन माणसाकडे जातो. चुकून दाबलं गेलं असेल तर पलीकडून ‘हॅलो’ यायच्या आत ठेवून द्या. पुढचे काही दिवस असे फोन वाढतील, एवढंच.

धमकी मुळातच पोकळ आहे. ट्राय ही नियामक संस्था आहे. तुमचं कनेक्शन तिच्याकडे नसतंच. ती कुठल्याही ग्राहकाला नंबर बंद करण्यासाठी फोन किंवा मेसेज करत नाही आणि दुसऱ्या कुणाला तसा अधिकारही देत नाही, हे तिने वेळोवेळी जाहीर केलं आहे. बिल थकलं किंवा केवायसी राहिली तर विचारणा तुमची स्वतःची कंपनी करेल. शंका असेल तर फोन ठेवा आणि कंपनीच्या दुकानात किंवा तिच्या अधिकृत ॲपवर बघा. आलेल्या नंबरावर उलट फोन करून खात्री करू नका, कारण तिकडेही तेच बसलेले असतात.

नऊ दाबल्यावर भेटणारा ‘अधिकारी’ नम्र असतो. नाव, हुद्दा, बॅज क्रमांक न विचारता सांगतो. मग कळतं की तुमच्या आधारवर मुंबईत एक सिम घेतलं गेलं, त्यावरून लोकांना अश्लील मेसेज गेले, गुन्हा नोंद झाला. हे खरं वाटतं, कारण आपल्या आधारच्या झेरॉक्स लॉजपासून सोसायटीच्या ऑफिसपर्यंत सगळीकडे पडलेल्या आहेत, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. ठग त्या भीतीवरच घर बांधतो. यावरचा उतारा फुकट आहे. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर किंवा ॲपवर आपला नंबर आणि ओटीपी टाकला की आपल्या नावावर किती कनेक्शन आहेत ते दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर ‘हा माझा नाही’ असं तिथेच कळवता येतं. एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त ९ कनेक्शन चालतात. जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येत ही मर्यादा ६ आहे. ही तपासणी आजच, कुणाचाही फोन नसताना करून ठेवा. यादी एकदा डोळ्यांखालून गेलेली असली की ‘तुमच्या आधारवर सिम’ या वाक्याची धार जाते.

यानंतर ‘तुम्हाला पोलीस ठाण्याला जोडून देतो’. आता व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल येतो. गणवेश, मागे बोधचिन्ह, टेबलावर फायली, वॉकीटॉकीची खरखर. कुणी म्हणतं, मुंबई पोलीस म्हणवणाऱ्याशी मराठीत बोला, लगेच उघडा पडतो. कधीकधी पडतोही. पण त्या कसोटीवर विसंबू नका. मराठी बोलणारा ठग मिळणं काही अवघड नाही, आणि परीक्षा घेत बसलेला माणूस अजून फोनवरच असतो. ठगाला तेवढंच पुरतं.

पुढचा भाग क्रूर आहे. कॅमेरा बंद करायचा नाही, खोलीबाहेर जायचं नाही, मुलांना सांगितलं तर तेही आरोपी होतील, प्रकरण ‘गोपनीय’ आहे. सर्वोच्च न्यायालयाचं, ईडीचं, रिझर्व्ह बँकेचं शिक्का मारलेलं पत्र पीडीएफमध्ये येतं. याला ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात. भारतीय कायद्यात अशी अटक नाही. कुठलाही पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही, कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवत नाही आणि चौकशीसाठी पैसे मागत नाही. हजर राहण्याची नोटीससुद्धा व्हॉट्सॲपवर बजावू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना सांगितलं आहे. फोन कापणं हा कुठल्याच कायद्याने गुन्हा नाही. कापल्यावर काय होतं? ते पुन्हा दहा-वीस वेळा करतात, ओरडतात, आणखी दोन पत्रं पाठवतात. दाराशी कुणी येत नाही.

पैसे ‘दंड’ म्हणून मागितले जात नाहीत, हे नीट लक्षात ठेवा. मागणी येते ‘पडताळणी’ची. खात्यातली रक्कम काळी आहे की पांढरी हे रिझर्व्ह बँक तपासेल, तोवर ती सरकारी खात्यात ठेवा, ४८ तासांत परत मिळेल. त्यामुळे भल्या माणसाला आपण लाच देतोय असं वाटत नाही. आपण निर्दोष असल्याचं सिद्ध करतोय असं वाटतं. मुदत ठेवी मोडायला लावतात, म्युच्युअल फंड विकायला लावतात. यूपीआयची रोजची मर्यादा साधारण १ लाखाची, आणि नेट बँकिंगवर नवीन खातं जोडलं की बऱ्याच बँका काही तास मोठी रक्कम जाऊ देत नाहीत. म्हणून मोठा शिकार असेल तर त्याला धनादेश घेऊन शाखेत पाठवतात, आरटीजीएसचा फॉर्म भरायला. आरटीजीएस २ लाखांपासून पुढे चालतं आणि पैसे लगेच पोचतात. शाखेत काय सांगायचं तेही पढवलेलं असतं: ‘फ्लॅट घेतोय’, ‘नातवाची फी’. फोन खिशात चालूच असतो.

म्हणून बँकेच्या खिडकीवर बसणाऱ्यांना एक विनंती. एकटं आलेलं ज्येष्ठ माणूस मुदतीआधी ठेव मोडून, आजवर कधीही व्यवहार न झालेल्या, दुसऱ्या राज्यातल्या कुठल्या तरी ‘एंटरप्रायझेस’च्या चालू खात्यात पैसे पाठवत असेल, तर आधी त्याला आत बोलवा, पाणी द्या आणि फोन टेबलावर ठेवायला सांगा. ‘कशासाठी?’ या प्रश्नाचं उत्तर पाठ असतं. ‘आत्ता फोनवर कोण आहे?’ याचं नसतं.

ते ‘सरकारी’ खातं कुणा गरजू पोराचं असतं. कमिशन घेऊन त्याने पासबुक, कार्ड आणि सिम विकलेलं असतं. रक्कम तिथे काही मिनिटं थांबते, मग दहा-पंधरा खात्यांत फुटते, त्यातून पुढे आणखी फुटते, आणि शेवटी एटीएममधून रोख किंवा क्रिप्टो होऊन निघून जाते. परत मिळण्याची आशा तिच्या पहिल्या-दुसऱ्या मुक्कामापुरतीच असते. म्हणून पैसे गेल्याचं लक्षात येताच रडारड, नातेवाइकांची बैठक, वकील हे सगळं नंतर. आधी १९३० लावा.

१९३० ही गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राची मदतवाहिनी. लागली नाही तर ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’वर तक्रार भरा, आणि एक जण प्रयत्न करत असताना दुसऱ्याने बँकेच्या मदतवाहिनीवर खातं गोठवायला सांगावं. हाताशी एवढं लागतं: तुमच्या बँकेचं नाव आणि खाते क्रमांक, व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम, समोरचा खाते क्रमांक किंवा यूपीआय आयडी, आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. यूपीआय आणि आयएमपीएसला हा १२ अंकी असतो, एनईएफटीला १६ अक्षरांचा, आरटीजीएसला २२ अक्षरांचा. याच क्रमांकावर सगळं अडतं, कारण तो चुकला तर पुढच्या बँकेला पैसे सापडत नाहीत. पासबुकात शोधू नका. बँकेच्या एसएमएसमधून किंवा फॉर्मच्या पावतीवरून जसाच्या तसा वाचा. तक्रार नोंदली की पोचक्रमांक मिळतो आणि माहिती थेट समोरच्या बँकेकडे जाते. रक्कम तिथे असेल तर रोखून धरतात, निघून गेली असेल तर पुढच्या बँकेला कळवतात. रोखलेली रक्कम आपोआप परत येत नाही; त्यासाठी बहुतेक वेळा न्यायालयाचा आदेश लागतो, तेव्हा पोलिसांकडे गुन्हा नोंदवून घ्याच. आणि चॅट, कॉलची यादी, ती खोटी पत्रं यांतलं काहीही शरमेने पुसून टाकू नका.

पैसे गेले नसतील तर १९३० अडवू नका. फसवणुकीचा नुसता प्रयत्न झाला असेल, तर ‘संचार साथी’वरच्या ‘चक्षू’त कळवा: फोन आला तो नंबर, तारीख, वेळ आणि काय सांगितलं ते. मागच्या ३० दिवसांतलंच चालतं. फसवणूक नाही, नुसती कटकट आहे, म्हणजे कर्ज, प्लॉट, क्लासची जाहिरात, तर ते १९०९ चं, म्हणजे जाहिरातींच्या फोनची तक्रार घेणाऱ्या नंबराचं काम. तिथे ७ दिवसांच्या आत तक्रार करावी लागते. नोंदणी नसलेल्या जाहिरातवाल्यांविरुद्ध तक्रार करायला आता डीएनडी, म्हणजे ‘जाहिराती नकोत’ अशी नोंदणी, घेतलेली असण्याचीही गरज नाही. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने ती अट गेली.

डीएनडीबद्दल लोक म्हणतात, काही उपयोग नाही. ठगांना रोखायला खरोखरच नाही. चोर नोंदणी करून येत नाही. पण ते घ्यावं, याचं कारण वेगळं आहे. इंग्रजी अक्षरांत ‘स्टार्ट’, एक जागा, मग शून्य असं लिहून १९०९ ला पाठवलं की सगळ्या जाहिराती बंद करण्याची नोंद होते. घरच्या लँडलाइनवरून एसएमएस जात नाही, म्हणून त्याच फोनवरून १९०९ लावायचा. नियमाने वागणाऱ्या कंपन्या एकदा गप्प झाल्या की उरलेला जो ध्वनिमुद्रित आवाज येतो, तो ऐकून घ्यायचं कारणच राहत नाही. नंबरांची सुरुवातही ओळखून ठेवा. १४० ने सुरू होणारा नंबर जाहिरातीचा. बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती यांच्या सेवाविषयक फोनसाठी १६०० ची मालिका दिलेली आहे. दहा आकडी साध्या मोबाइलवरून ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्याला तिथेच थांबवावं.

नंबर ब्लॉक करत बसण्यात मात्र हशील नाही, कारण उद्याचा फोन दुसऱ्या नंबरावरून येतो. परदेशातून भारतीय नंबर दाखवून येणारे कॉल अडवणारी यंत्रणा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्या २४ तासांतच सुमारे १ कोटी ३५ लाख कॉल अडवले गेले. मग ठगांनी उघड परदेशी नंबर वापरायला सुरुवात केली: +८४, +८५, +८६, +७७. +८९ सुद्धा, जो कुठल्याच देशाला दिलेला नाही. दुसरी वाट म्हणजे सिम बॉक्स. इंटरनेटवरून आलेला कॉल हे यंत्र भारतातल्याच सिमवरून बाहेर काढतं, त्यामुळे फोनवर साधा स्थानिक नंबर दिसतो.

त्यापेक्षा आईवडिलांच्या फोनची व्यवस्था बदला. आयफोनमध्ये अनोळखी नंबरांची घंटी बंद करण्याची सोय आहे. अँड्रॉइडमध्ये ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावून फक्त संपर्क यादीतल्यांना मुभा देता येते, आणि तोच माणूस लगोलग दुसऱ्यांदा फोन करत असेल तर वाजू द्यायचीही सोय असते. त्याआधी डॉक्टर, सिलिंडरवाला, सोसायटीचा वॉचमन, शेजारी हे नंबर साठवले पाहिजेत. नाहीतर दोन दिवसांत सिलिंडर परत जातो आणि वडील ती सेटिंग काढून टाकायला लावतात.

फोनवर कुणी *४०१* किंवा *२१* आणि पुढे एखादा मोबाइल नंबर लावायला सांगितला, तर त्याचा अर्थ तुमचे सगळे फोन त्याच्याकडे वळवणं. मग फोनवरून येणारा ओटीपी, व्हॉट्सॲपचा पडताळणीचा कॉल, सगळं तिकडे जातं. *४०१ ची सोय १५ एप्रिल २०२४ पासून थांबवण्याचा आदेश झाला, तरी तो सांगणारे अजून आहेत. कॉल वळवलेले आहेत का हे *#२१# लावून दिसतं, आणि ##००२# ने सगळं वळवणं रद्द होतं.

एकदा फसलेल्याचं नाव आणि नंबर यादीत पुढे विकला जातो. काही आठवड्यांनी ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, प्रक्रिया शुल्क भरा’ असा फोन येतो, आणि बोलणाऱ्याला गेलेली रक्कमही अचूक माहीत असते. पोलीस किंवा बँक परताव्यासाठी फोनवरून शुल्क घेत नाहीत. अशा माणसाला तक्रारीचा पोचक्रमांक सांगू नका. आपल्या पोलीस ठाण्यातल्या तपास अधिकाऱ्याला स्वतः फोन लावा आणि हा नवा नंबरही मूळ तक्रारीत जोडून घ्या.