पेकोचे नऊ मिलिमीटर रूळ: बार्शी लाईटच्या मॉडेलसाठी कितपत चालतात?

आधी इंजिन विकत घ्यायचं आणि मग त्याला शोभेल असा प्रकल्प शोधायचा, हा छोट्या रेल्वे मॉडेलचा हमखास फसणारा रस्ता. आधी खरी लाईन ठरवावी, तिच्या गेजला, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराला, आपल्या रुळांच्या रुंदीने भागून प्रमाण काढावं आणि मगच पाकीट सैल सोडावं. इथे परीक्षण आहे ब्रिटनच्या पेको कंपनीच्या ‘ओओ-नाईन’ रुळांचं आणि सांध्यांचं (गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारे तुकडे), तेही एकाच कसोटीवर: 1200 बाय 300 मिमी फळीवर बार्शी लाईटचं, म्हणजे कुर्डुवाडी-बार्शी भागातल्या जुन्या नॅरोगेज रेल्वेचं, एक छोटं स्टेशन उभं करायला ते कितपत उपयोगी पडतात?

या रुळांची आतली रुंदी 9 मिमी. पेको ते 1:76 प्रमाणासाठी विकते. त्या प्रमाणात 9 मिमी म्हणजे 686 मिमी, सव्वादोन फूट. बार्शी लाईटचं गेज होतं अडीच फूट, म्हणजे 762 मिमी. त्याला 87 ने भागलं की 8.76 मिमी येतं. पाव मिलिमीटरचा फरक डोळ्याला कळत नाही, त्यामुळे बार्शीसाठी हेच रूळ 1:87 प्रमाणात घ्यावेत. माणसं, बैलगाड्या, घरं सगळं 1:87 चंच आणायचं. 76 आणि 87 ची सरमिसळ केली की फलाटावरचा हमाल डब्याच्या दारात मावत नाही.

माथेरानचं गणित वेगळं. तिथलं गेज दोन फूट, 610 मिमी. 1:87 मध्ये ते 7 मिमी व्हायला हवं, तिथे 9 चे रूळ फारच फताडे दिसतात. 1:76 मध्ये ते 8 मिमी होतं, म्हणजे रूळ एका मिलिमीटरने रुंद. एवढं बरेच जण चालवून घेतात. तंतोतंत हवं असेल तर 1:43.5 प्रमाणात 14 मिमी रूळ बसतात, पण त्यात बरंच काम हाताने करावं लागतं. पहिल्याच मॉडेलला त्या वाटेला जाऊ नये.

बार्शी निवडायचं आणखी एक कारण आहे. इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉपने 1897 मध्ये सुरू केलेली ही लाईन पाच टनांच्या धुराभारावर (चाकांच्या एका जोडीवर पडणारं वजन) बेतलेली होती. वाघिणींच्या सांगाड्याचं माप ठरलेलं, 25 फूट लांब आणि 7 फूट रुंद. 1:87 मध्ये ते 87.6 बाय 24.5 मिमी होतं. एकदा साचा केला की उघड्या, झाकलेल्या, ब्रेकच्या सगळ्या वाघिणी त्याच सांगाड्यावर उभ्या राहतात.

आता खुद्द रुळांकडे. लवचिक रुळाची लांबी एक यार्ड, 914 मिमी. तो दोन प्रकारांत मिळतो. एकात स्लीपर मुद्दाम वेडेवाकडे, कमीजास्त लांबीचे, वेल्समधल्या पाटीच्या खाणींच्या लाईनवर असायचे तसे. दुसऱ्यात ते एकसारख्या अंतरावर. बार्शीला दुसराच घ्यावा. पहिला दिसतो मोठा देखणा, पण तो कॅलथ्रॉपच्या शिस्तीच्या लाईनचा नव्हे.

दिसण्यातला खरा दोष रुळाच्या उंचीत आहे. रूळ ‘कोड 80’ चा, म्हणजे 2.03 मिमी उंच. 87 ने गुणा, 177 मिमी होतात. आज मध्य रेल्वेच्या मेन लाईनवर साठ किलोचा जो रूळ असतो तो 172 मिमीचा. नॅरोगेजवर त्याहूनही उंच रूळ! उपाय दोन. रुळाच्या दोन्ही बाजू गंजाच्या तपकिरी रंगाने रंगवायच्या आणि खडी स्लीपरच्या माथ्यापर्यंत भरायची. नजर चकाकी शोधते, ती गेली की उंचीही निम्मी वाटते. रुळाचा माथा मात्र रंग ओला असतानाच पुसून घ्यावा. बदल्यात या उंच रुळाचा फायदा असा की मोठ्या कडांची जुनी चाकंही त्यावर बिनबोभाट चालतात.

सांधे ही या मालातली सर्वात चांगली गोष्ट. जिभेखाली, म्हणजे सांध्यातल्या सरकत्या रुळांखाली, स्प्रिंग आहे, बोटाने ढकललं की जीभ टक्कन बसते आणि तिथेच राहते, त्यामुळे पहिल्या मॉडेलला मोटारची गरज नाही. फ्रॉग, म्हणजे सांध्यातला मधला टोकदार तुकडा, धातूचा आणि वीजवाहू आहे. चार चाकी छोटं इंजिन प्लास्टिकच्या फ्रॉगवर हमखास अडतं, इथे ते सरळ निघून जातं. पण फ्रॉगच्या पुढच्या दोन आतल्या रुळांना प्लास्टिकचे जोड लावायचे विसरलात, तर दुसऱ्या टोकाकडून वीज आली की लगेच शॉर्ट. दुसरी गोष्ट, फ्रॉगला वीज मिळते ती जीभ रुळाला टेकते तेवढ्याच स्पर्शातून. रंग किंवा फेविकॉलचा थेंब तिथे गेला की सांधा मेला. म्हणून सांधा बसवण्याआधीच फ्रॉगला खालून तार डाकून ठेवावी आणि जिभेबरोबर सरकणाऱ्या छोट्या स्विचवर घ्यावी. मागाहून हे करायला खडी उकरावी लागते.

आखणी अशी: एका टोकाला इंजिन एका मार्गिकेवरून दुसरीवर घ्यायला 120 मिमी, मग सांधा, 350 मिमीची लूप (बाजूची समांतर मार्गिका), पुन्हा सांधा. सांध्याला 140 मिमी धरले तर एकूण 750. उरलेल्या 450 मध्ये मालधक्क्याची सायडिंग आणि रस्त्याचं फाटक. तीन वाघिणी, मधली अंतरं धरून, 282 मिमी होतात, त्या 350 मध्ये आरामात मावतात. दोन मार्गिकांच्या मध्यांत 40 मिमी ठेवावं, त्याहून कमी केलं तर घसरलेली वाघीण उचलायला बोट जात नाही. फळीच्या बाहेर 450 मिमीची सरकती पट्टी लावली की गाडी ‘कुर्डुवाडीला गेली’. सांध्यांचे खऱ्या मापाचे नकाशे कंपनी देते. ते छापून फळीवर चिकटवावेत आणि त्यावर वाघीण हाताने फिरवून पाहावी. पैसे खर्च व्हायच्या आधी चुका कळण्याची ही एकच जागा.

गोल फिरणारी गाडीच हवी असेल तर तयार वळणांचा सेट आहे, त्रिज्या 9 इंच, 228 मिमी. 600 मिमी रुंद फळीत तो बसतो. माथेरानसाठी 1:76 मध्ये ही त्रिज्या सुमारे 17.4 मीटरची होते, ती घाटाला शोभते. बार्शीच्या 88 मिमी वाघिणीला मात्र ती कमी पडते. त्रिज्या निदान लांबीच्या तिप्पट असावी असा ठोकताळा आहे, इथे ती 2.6 पट भरते. ढकलताना वाघिणी घसरतात, कारण कपलिंग बाजूला ओढलं जातं. लवचिक रूळ 305 मिमी त्रिज्येत वाकवलेला बरा. माथेरानवाल्यांनी गाडी स्वतःवरूनच वर नेण्याचा मोह आवरावा. 228 मिमीचा पूर्ण फेरा 1433 मिमीचा, 1:30 चढाने तो 48 मिमीच वर चढतो आणि पुलासकट लागतात 55. खरी लाईन 1:20 चढते, पण हलकं मॉडेल इंजिन तिथे जागच्या जागी चाकं फिरवतं.

भारतात मागवताना यार्डभर लांबीचा खोका वाटेत वाकण्याची भीती असते. विक्रेत्याला रूळ अर्धे कापून पाठवायला सांगावं, एवढ्या आखणीत अखंड यार्ड कुठेच लागत नाही. प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र तारा द्याव्यात, जोडपट्ट्यांच्या भरवशावर राहू नये. कोकणात किंवा मुंबईत फळी आयएस 710 ची मरीन प्लायच घ्यावी, साधी प्लाय दोन पावसाळ्यांत पोट काढते. रुळांच्या जोडांत अर्धा मिलिमीटर फट ठेवावी. 25 अंशांच्या फरकाने यार्डभर रूळ साधारण 0.37 मिमी वाढतो, फट नसेल तर मे महिन्यात तो बाजूला फुगतो.

खडी विकत घ्यायची गरज नाही, आपल्याकडच्या काळ्या दगडाची कच चहाच्या गाळणीतून चाळली की रंग अगदी बरोबर येतो. मात्र ती कागदावर पसरून खालून लोहचुंबक फिरवावं. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइटचे कण असतात, ते कागदावर मिशांसारखे उभे राहतात. हेच कण इंजिनच्या मोटारीतल्या चुंबकाला जाऊन चिकटतात आणि मोटार जाम करतात. चुंबक दोन-तीन वेळा फिरवून, कण वेचून झाल्यावरच कच पसरावी. मग फेविकॉल आणि पाणी निम्मं निम्मं करून, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून ड्रॉपरने सोडावं. सांध्यांच्या जिभांपासून दोन सेंटीमीटर लांबच थांबावं.