रत्नागिरीतलं हे ऑक्युपेशनल थेरपी केंद्र : चौदा महिन्यांचा अनुभव

आधी आठवड्यातून तीनदा, आता दोनदा, नेवऱ्याहून एसटीने, चौदा महिने आम्ही इथे येतोय. ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे जेवणं, कपडे घालणं अशी रोजची कामं मुलाला त्याची त्याला जमावीत यासाठीचे उपचार. आधी लिहिलं असतं तर ते घाईचं झालं असतं, म्हणून आत्ता लिहिते.

आमचा सोनू एकतिसाव्या आठवड्यात झाला. वजन १ किलो ३०० ग्रॅम. तेराव्या महिन्यात तो बसत नव्हता, मुठी घट्ट आवळलेल्या असायच्या, आणि लंगोट बदलायला घेतला की दोन्ही पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे. एका डॉक्टरांना दाखवलं. म्हणाले, "मुलगे सगळं उशिराच करतात, वाट बघा." आम्ही सहा महिने वाट बघितली. ते सहा महिने मला अजून टोचतात. वेळेआधी झालेल्या बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत ते कमी पडलेले आठवडे वजा करून धरतात, हे मला इथे आल्यावर कळलं. सोनूचे नऊ आठवडे वजा केले तरी तो तेव्हा अकरा महिन्यांचा होता, आणि बाळं आधाराशिवाय उशिरात उशिरा साधारण सव्वानऊ महिन्यांपर्यंत बसतात. म्हणजे वाट बघण्यासारखं काही नव्हतंच.

शेवटी आमच्या अंगणवाडीत तपासणीचं पथक आलं होतं, त्यातल्या डॉक्टरबाईंनी त्याचे पाय हातात धरून बघितले आणि चिठ्ठी दिली. हे पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं. २०१३ पासून हा कार्यक्रम चालतो आणि वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणी व्हायची असते. त्या दिवशी पोराला झोप लागलीय म्हणून घरी ठेवू नका. चिठ्ठीवरून पुढच्या तपासण्या झाल्या आणि नाव कळलं : सेरेब्रल पाल्सी, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर नीट ताबा नसणं. सोनूची सौम्य, ताठरपणा पायांत जास्त.

इथे येण्याआधी तीन महिने आम्ही दुसरीकडे जात होतो. तिथे पोराला आत घ्यायचे, दार लावायचे, मी बाहेर बाकावर. आतून त्याचं रडणं ऐकू यायचं, मग मोबाइलवरची गाणी. पाऊण तासाने पोर हातात. काय केलं विचारलं तर "एक्सरसाइज". घरी काय करायचं ते कुणीच सांगितलं नाही.

इथल्या थेरपिस्ट ताईंनी पहिल्या दिवशी सोनूला हातच लावला नाही. मला विचारत बसल्या. घराला पायऱ्या किती? चिऱ्याच्या की सिमेंटच्या? जेवायला खाली बसता की टेबलावर? अंघोळ कोण घालतं? पेज खातो का, कोण भरवतं? मला वाटलं, ह्या बाई वेळ काढताहेत. आता कळतं की त्या पाऊण तासात त्यांनी आमचं अख्खं घर बघून घेतलं होतं.

सोनू पाय मागे फेकून, दोन्ही बाजूंना पसरून बसायचा. आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही, बसला हेच खूप होतं. ताई म्हणाल्या, "आई, असं बसून त्याची कंबर कामच करत नाही. घरात पाट आहे ना? पाटावर बसवा, पावलं पुढे जमिनीला टेकली पाहिजेत." सासूबाईंनी माळ्यावरून लग्नातला पाट काढला. सुरुवातीला मी मागून धरायचे, मग नुसता कमरेला हात, मग दोन बोटं. दीड महिन्याने मी हात काढला हे त्याला कळलंही नाही. खांदा आणि कंबर स्थिर नसेल तर बोटांना कितीही शिकवा, ती चालत नाहीत. हे वाक्य ताईंच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलंय की आता मीच दुसऱ्या आयांना ऐकवते.

मग बोटं. आधी अख्ख्या सुपाऱ्या, बरणीत टाकायच्या. तो मूठ करून उचलायचा, सोडता यायचं नाही. सोडणं हे उचलण्यापेक्षा अवघड असतं, हे मला माहीतच नव्हतं. बरणीच्या काठावर मनगट टेकवलं की मूठ सैल होते, ही युक्ती ताईंनी दाखवली. पुढे कपड्यांचे चिमटे, मग कुरमुरे. कुरमुरा अंगठा आणि पहिल्या बोटात धरून तोंडापर्यंत नेला तो दिवस मला आठवतो. श्रावणातला सोमवार होता, बाहेर सर येऊन गेली होती, कुरमुरा दमट होऊन बोटाला चिकटला होता. तो बोटाकडे बघत राहिला. मग चाटलाच.

जेवणाचं तर सगळं आमच्याच स्वयंपाकघरातलं. चमच्याच्या दांड्याला जुन्या साडीची पट्टी गुंडाळून जाड केली, ताटलीखाली ओलं फडकं ठेवलं म्हणजे ती सरकत नाही. सासरे आधी चिडायचे, "गो, पोर उपाशी राहील, भरव ना त्याला." आता तेच मला अडवतात.

त्याला वाळूची फार भीती होती. भाट्याच्या किनाऱ्यावर पाय टेकवला की किंचाळायचा, आणि आम्ही तर समुद्राकाठची माणसं. ताईंनी समुद्राचं नावच काढलं नाही. परातीत तांदूळ, त्यात त्याची गाडी लपवलेली. मग नाचणी. मग कोरडी वाळू, नुसत्या बोटाच्या टोकाने. मग ओली. जबरदस्ती एकदाही नाही. हात मागे घेतला की परात बाजूला. पाच महिने लागले. मे महिन्यात आम्ही आरे-वारेला उतरलो तेव्हा तो माझं बोट धरून ओल्या वाळूत उभा राहिला, आणि लाटेने पायाखालची वाळू ओढली तेव्हा माझ्याकडे बघून हसला.

ताईंचं मला सर्वांत पटलेलं असं की त्या खोटी आशा दाखवत नाहीत. पहिल्याच महिन्यात मी विचारलं, चालेल ना हो हा? म्हणाल्या, "तारीख मी देत नाही. जेवणं, कपडे, शी-शू हे त्याचं त्याला जमावं यासाठी आजपासून सुरू करू, पायांचं फिजिओथेरपिस्टबरोबर चालू ठेवू." सहा महिन्यांत पूर्ण बरा करतो म्हणणारे आम्हाला दोघे भेटले होते. अशांपासून लांब राहा. आणि कुठेही जा, समोरची व्यक्ती बीओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची पदवीधर आहे का, राज्याच्या कौन्सिलची नोंदणी आहे का, हे विचारायला लाजू नका. इथे प्रमाणपत्र भिंतीवरच आहे. एकदा वाट बघताना ताईंनी सांगितलं की आपल्याकडे हा अभ्यासक्रम १९५० साली मुंबईत केईएममध्ये कमलाबाई निंबकरांनी सुरू केला. बाई मूळच्या अमेरिकेतल्या, मराठी घरात सून म्हणून आलेल्या. मला ते ऐकून फार बरं वाटलं.

आता तक्रारी. केंद्र पहिल्या मजल्यावर, अठरा पायऱ्या, लिफ्ट नाही. ज्या मुलांना पायऱ्या चढता येत नाहीत त्यांच्यासाठीचं ठिकाण असं असावं, हे मला पटत नाही. बारा किलोचं पोर आणि ओली छत्री घेऊन मी चढते. एक आजोबा नातवाला पाठीवर घेऊन येतात, ते मध्ये दोनदा थांबतात. तळमजल्यावर जागा बघतोय असं वर्षभर ऐकतेय. स्पीच थेरपिस्ट फक्त गुरुवारी कोल्हापूरहून येतात. जुलैत आंबा घाटात दरड आली की गुरुवार गेला, आणि निरोप आम्ही निम्म्या वाटेत असताना येतो. आदल्या दिवशी पाऊस बघून कळवायला हवं.

फी पंचेचाळीस मिनिटांना सहाशे. आमच्यासारख्यांना जड आहे. मात्र घरचा सराव जमायला लागल्यावर ताईंनी स्वतःच आमचे तीनचे दोन दिवस केले, नको असलेले वार घ्यायला लावले नाहीत. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, थेरपीचा खर्चही त्यात बसतो. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आधी काढावं लागतं. मी ते काढायला उशीर केला, "शिक्का बसेल" या भीतीने. तुम्ही करू नका.

सोनू आता तीन वर्षांचा झाला. पायात स्प्लिंट (पाऊल सरळ धरून ठेवणारे आधार) आहेत, भिंत धरून पडवीभर फिरतो, दारातल्या तीन पायऱ्या बसून उतरतो. शर्टाची वरची दोन बटणं मीच लावते, खालची तो लावतो.

नवीन मुलांची नावं महिन्याच्या पहिल्या सोमवारी घेतात. सकाळी दहाची वेळ मागा, दुपारी पोरं पेंगतात. येताना त्याचं नेहमीचं ताट-वाटी घेऊन या, ताई मागतातच.