कापडाच्या गावात कापडातच फसलो: स्पोर्ट्स कारच्या छताचे ४१,८०० रुपये

आकडा आधी सांगतो. गाडीच्या छताचं कापड लोंबत होतं, ते नीट करून घ्यायला २३,७५० रुपये दिले. ते काम उपटून दुसऱ्याकडून करून घ्यायला १३,२०० गेले. पहिल्याने मोडलेल्या क्लिपा आणि वरच्या दिव्याचा सांगाडा, ६,८५०. एकूण ४३,८००. त्यातले २,००० त्याने ‘माणुसकी म्हणून’ परत पाठवले. गेले ४१,८००. आणि माझा धंदा कसला? टॉवेलचा. सोलापुरात. टॉवेल चिमटीत धरला की ४५० जीएसएम (चौरस मीटरला ४५० ग्रॅम) आहे की ३८०, हे काट्यावर न टाकता सांगतो. अप्पांनी तीस वर्षं माग चालवला. त्या घरातला माणूस कापडात फसला. हसायचं तर हसून घ्या, घरच्यांचं हसून झालंय.

गाडी २००९ची, जर्मन, दोन दारांची, सेकंडहँड. सोलापुरात स्पोर्ट्स कार कशाला, हे इतक्या जणांनी विचारलंय की उत्तर देणं मी सोडलंय. कंपनीचं नाव घेत नाही, कारण हा रोग एका कंपनीचा नाही. छताचा एक पुठ्ठा असतो, त्यावर पातळ स्पंज, स्पंजावर कापड. उन्हानं आणि दमटपणानं वर्षानुवर्षांत स्पंज कुजतो, त्याची पावडर होते. कापड चांगलं असतं, पुठ्ठाही चांगला असतो, मधलाच मेलेला असतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ला जातो आणि माझी गाडी काळी, दिवसभर दुकानासमोर उन्हात. मार्चमध्ये मागच्या काचेकडून कापड सुटलं. महिन्याभरात माझ्या केसाला घासायला लागलं. उतरलो की खांद्यावर तंबाखूच्या चुऱ्यासारखा तपकिरी भुगा. पांढरे शर्ट घालणं बंद केलं.

हा भुगा लक्षात ठेवा.

आधी मी सगळं रीतसर केलं, हे लिहून ठेवतो, नाहीतर लोक म्हणतात स्वस्ताच्या मागे लागला. पुण्याच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारलं. त्यांनी अख्खा नवा पुठ्ठाच टाकावा लागेल म्हणून मजुरीसकट ९६,००० सांगितले. नुसतं कापड बदलून मिळत नाही म्हणे. नऊ लाखांच्या जुन्या गाडीला ९६,०००चं छत कोण टाकेल? मग बायकोच्या शिवणाच्या डब्यातल्या टाचण्या लावून पाहिल्या. एक ब्रेक मारताना मानेत गेली. तेव्हा कुठे माणूस शोधायला निघालो.

तो सापडला सात रस्त्यापासून फार लांब नाही, एवढंच सांगतो. वकील म्हणाले नाव लिहू नका. सीट कव्हर, मॅटिंग, रूफ लायनिंग, सगळं करतो. दुकान चकाचक, एसी, काचेच्या टेबलावर कापडांचे नमुने. त्यातला राखाडी रंगाचा एक नमुना त्याने माझ्या हातात दिला. मागे चांगला स्पंज, दाबला की परत वर यायचा. “फॅक्टरी फिनिश देतो मालक. तुमच्या गाडीला दुसरं काही शोभणार नाही.” १६,५०० ठरले. ८,००० ॲडव्हान्स, युपीआयवर. पैसे ज्या नावावर गेले ते दुकानाचं नाव नव्हतं, कुठल्या तरी बाईचं होतं. “मिसेसचं खातं आहे.” आपल्याकडे निम्मा बाजार असाच चालतो, म्हणून मी काही बोललो नाही. तुम्ही बोला.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. गाडी उघडली की खर्च उघडतात. तिसऱ्या दिवशी फोन, दोन्ही बाजूच्या पिलरचं, म्हणजे काचांमधल्या खांबांचं, कापडही गेलंय, ४,५०० जास्त. पाचव्या दिवशी, चिकटवायचं साधं सोल्युशन या उन्हात टिकणार नाही, चेन्नईहून हाय टेम्परेचरचं मागवतो, २,७५०. हा शेवटचा मुद्दा खरा होता, म्हणून मी अडकलो. सोफ्याला लावतात ते सोल्युशन उन्हात मऊ होतं, गाडीच्या छताला उष्णता सहन करणारंच लागतं. खोट्या माणसानं एक खरी गोष्ट सांगितली की बाकीच्या चारही खऱ्या वाटतात. बिल मागितलं तर “जीएसटी लावू का? मग १८ टक्के वाढतील.” मी नको म्हणालो. हे मीच म्हणालो. याचा राग त्याच्यावर काढता येत नाही.

१४ मेला संध्याकाळी साडेसातला गाडी घ्यायला गेलो. आत दिवा लागत नव्हता, “बॅटरीची वायर काढलेली आहे, मेमरीला वेळ लागतो.” मोबाइलच्या उजेडात पाहिलं. छत ताणलेलं, छान दिसत होतं. दाराच्या मागच्या कडेला काहीतरी चमकलं. स्टेपलची पिन. “हे काय?” म्हणालो. “सोल्युशन सेट होईपर्यंत ठेवलंय मालक, आठ दिवसांनी तुम्हीच उपटून टाका.” मी मान डोलावली. उरलेले पैसे दिले.

पण पिन सुद्धा सोडा. मी त्या दुकानात पाच मिनिटं उभा होतो. खाली पांढरी फरशी होती, त्यावर डाग नव्हता. दोन महिने माझ्या डोक्यावर, सीटवर, हँडब्रेकच्या फटीत भुगा पडत होता. छत खरंच खाली काढून जुना स्पंज खरवडला असता तर त्या दुकानात पावशेर तपकिरी पावडर निघाली असती, झाडूनही कोपऱ्यात राहिली असती, कामगाराच्या भुवयांवर असती. कामगाराचा टीशर्ट पांढरा होता! मी तो पाहिला. पाहिला आणि मनात म्हणालो, वा, किती स्वच्छ काम आहे. अप्पांना नंतर सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी कापडाबद्दल, पैशाबद्दल काही विचारलं नाही. “खालची जमीन बघितलीस का?” एवढंच. माग चालला की खाली तूस पडतंच, लहानपणी मीच ते झाडायचो. रात्री झोप उडते ती या वाक्यानं, ४१,८००नं नाही.

त्याने काय केलं होतं ते मला २५ मेला कळलं, म्हणजे अकराव्या दिवशी. पुण्याला निघालो होतो, मोहोळच्या अलीकडे काच जरा खाली केली. वारा आत आला, कापड शिडासारखं फुगलं आणि एकदम सगळं माझ्या डोक्यावर. आरसा गेला, मागचं काही दिसेना, बाजूला ट्रक. हायवेवर ८०च्या वेगात डोक्यावर पदर घेऊन गाडी चालवायचा अनुभव कुणाला हवा असेल तर सांगा. कशीबशी कडेला घेतली. कापड हातात धरलं तेव्हा पहिल्यांदा नीट चिमटीत घेतलं. मागे स्पंजच नव्हता. नुसतं पातळ अस्तराचं कापड, आमच्या बाजारात मीटरला फार तर शंभर-सव्वाशेचं. आणि ते सरळ जुन्या कुजलेल्या स्पंजावर चिकटवलेलं. पावडरीवर सोल्युशन मारल्यावर सोल्युशन पावडरीला चिकटतं आणि पावडर पुठ्ठ्याला चिकटलेली नसते. पुठ्ठा खाली उतरवलाच नव्हता. गाडीतच बसून, कडा उचकटून आत कापड कोंबलं आणि पिना मारल्या. उचकटताना क्लिपा मोडल्या. दिव्याचा सांगाडा तडकला, म्हणून तो लागत नव्हता. बॅटरीची वायर वगैरे काही नाही.

इथेच सांगतो, ज्यांच्या गाडीत छताच्या कडेला पडद्यासारख्या एअरबॅग आहेत त्यांनी तिथे कुणाला पिन मारू देऊ नका. ती बॅग तिथूनच उघडते.

दुकानात गेलो. पहिल्या दिवशी “मालक बाहेर आहेत.” दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, तुम्ही काच उघडी ठेवलीत, वॉरंटी गेली. कसली वॉरंटी, कागदच नाही. आवाज चढवल्यावर २,००० पाठवले आणि नंबर ब्लॉक केला. ते घेऊ नयेत, हे नंतर कळलं. पुढे सगळीकडे हेच ऐकलं, तुमचं तर सेटलमेंट झालं की!

आता पोलीस. घराजवळच्या ठाण्यात गेलो तर दुकान आमच्या हद्दीत नाही. दुकानाजवळच्या ठाण्यात गेलो तर साहेब बंदोबस्तावर. परत गेलो, साहेब जेवायला. तिसऱ्यांदा भेटले. गाडी कुठली ते विचारलं, मी मूर्खासारखा खरं सांगितलं. “अहो, स्पोर्ट्स कार चालवता आणि तेवीस हजारासाठी ठाण्यात येता?” शेजारचे दोघं हसले. म्हणजे रिक्षावाल्याला लुटलं तर गुन्हा आणि मला लुटलं तर विनोद. मी म्हणालो, नमुना एक दाखवून दुसरं कापड लावलं, काम न करता पैसे घेतले, ही फसवणूकच आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. त्यावर “तुम्ही वकील आहात का?” नाही, टॉवेल विकतो. “मग टॉवेल विका. हे दिवाणी आहे.” दिवाणी असेल तर तसं लिहून द्या म्हणालो. लिहून कोण देतंय! चौथ्या फेरीत अर्ज घेतला, आवक शिक्का मारायला पाऊण तास. शिक्का मारला तोही उलटा. तो अर्ज अजून ‘चौकशीवर’ आहे. कुणाची चौकशी, मलाही विचारलेलं नाही. गड्ड्याच्या यात्रेला पोराचा हात सुटला तर मंडपातला माणूस निदान लाऊडस्पीकरवर नाव पुकारतो. इथे तेवढंही नाही. हद्दीचं कारण देऊन कुणी परत पाठवलं तर झिरो एफआयआर हा शब्द उच्चारा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्याला घ्यावी लागते, हद्द नंतर बघायची असते. मला हा शब्द पाचव्या दिवशी कळला.

बँकेत गेलो. पैसे तुम्हीच पिन टाकून पाठवलेत, आम्ही काय करणार. खरं आहे, पण ते सांगताना समोरची बाई माझ्याकडे न बघता सांगत होती. त्या खात्याचं नाव तरी लिहून द्या म्हणालो, “गोपनीय असतं.” गोपनीय! माझ्या मोबाइलवर ते नाव दिसतंय.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. दोन वर्षांच्या आत करावी लागते, पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील नसला तरी चालतो. बिल नसल्यामुळे माझी बाजू लंगडी आहे, पण व्हॉट्सॲपवर त्याने ‘फोमवालं कापड टाकतो’ असं स्वतः लिहिलंय, ते आणि युपीआयच्या नोंदी छापून लावल्या. बोलणं तोंडी ठेवू नका, चॅटवर आणा. फोनवर काही कबूल केलं तर लगेच ‘आत्ता तुम्ही असं म्हणालात’ असा मेसेज टाका.

दुसरं काम एका म्हाताऱ्या कुशनवाल्याने केलं, अक्कलकोट रोडच्या बाजूला, पत्र्याच्या शेडमध्ये. त्याने ॲडव्हान्स घेतला नाही. व्हायझर, हँडल, पिलर, रबर, सगळं सोडवून पुठ्ठा दारातून आडवा काढला, वाकू दिला नाही. अख्खी दुपार ब्रशनं खरवडत बसला. तोंडाला गमछा. मी गेलो तेव्हा तो, त्याचा पोरगा आणि बाहेर झोपलेलं कुत्रं, तिघंही तपकिरी. दोन्ही बाजूंना सोल्युशन लावून हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबला, मग मधून कडेकडे दाबत कापड बसवलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. १३,२००, बिलासकट. मी जुन्या पुठ्ठ्याचे फोटो काढून घेतले. पहिला काम करतोय तेव्हाच पुठ्ठा बाहेर काढलेला फोटो मागितला असता तर हे सगळं लिहावं लागलं नसतं.

पहिल्याला पाठवलेली नोटीस ‘पत्ता सोडून गेले’ असा शेरा मारून परत आली. गेल्या आठवड्यात जुळे सोलापूरकडे जाताना नवा फ्लेक्स दिसला, नाव वेगळं, आता ‘कार स्पा’. काउंटरवर तोच, काचेच्या टेबलावर तेच नमुने. मी गाडीतून उतरलो नाही. पाटीवरचा पत्ता उतरवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी नोटीस पुन्हा टाकली. तिचे टपालाचे ३५ रुपये वरच्या हिशेबात धरलेले नाहीत.