जीडीसी-१० पावडर: ६०० अंशांच्या आत उत्तम, पुढे नको

सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेल (घन सिरॅमिकमधून आयन वाहवून इंधनापासून वीज देणारा घट) ६०० अंश सेल्सिअसच्या आत चालवायचा असेल, तर इलेक्ट्रोलाइटसाठी, म्हणजे आयन वाहून नेणाऱ्या मधल्या थरासाठी, आमची पहिली पसंती १० टक्के गॅडोलिनियम घातलेल्या सिरियाला (सिरियम ऑक्साइडला), म्हणजे जीडीसी-१० ला. इंपिरियल कॉलेजच्या ब्रायन स्टील यांनी २००० साली ५०० अंशांसाठी हाच पदार्थ सुचवला होता. ६०० अंशांना जीडीसी-१० ची आयन-वाहकता सेंटिमीटरमागे ०.०१ सीमेन्सच्या वर असते. १० मायक्रॉनच्या थराचा रोध म्हणजे जेमतेम ०.१ ओहम-चौरस सेंटिमीटर. नेहमीची यिट्रिया-झिर्कोनिया (यिट्रियम घातलेलं झिर्कोनियम ऑक्साइड) इथे बरीच मागे पडते.

पावडर जाडसर आणि बारीक अशी दोन प्रकारांत मिळते, आणि खरी चूक होते ती इथेच. पेलेटसाठी, म्हणजे दाबून केलेल्या चकतीसाठी, जाडसर घ्या, ग्रॅमला ५ ते १० चौरस मीटर पृष्ठफळाची. अतिबारीक पावडर साच्यात नीट बसत नाही, दाब वाढवला की पेलेटचा वरचा थर टोपीसारखा सुटतो. १३ मिमीच्या डायमध्ये अर्धा ग्रॅम, २ टक्के पीव्हीए (कण धरून ठेवणारा बाइंडर), दीड टन दाब पुरे. ६०० अंशांपर्यंत मिनिटाला १ अंश या वेगानेच चढा, नाहीतर बाइंडर जळताना तडे जातात. मग सिंटरिंग, म्हणजे कण भाजून एकजीव करणं, १४५० अंशांना ५ तास. पेलेट सुमारे १०.५ मिमीवर येते. आर्किमिडीज पद्धतीने (द्रवात बुडवून वजन करून) घनता घन सेंटिमीटरला ६.८५ ग्रॅमच्या खाली भरली तर ती वापरू नका, वायू गळतो. १ मोल टक्का कोबाल्ट ऑक्साइड घातलं तर सिंटरिंगचं तापमान कित्येक शे अंशांनी उतरतं. बारीक पावडरीची खरी जागा स्क्रीन प्रिंटिंगच्या पातळ थरात. मात्र झिर्कोनियावर तो थर १३०० अंशांपर्यंत तापवू नका, दोघं एकमेकांत मुरतात आणि वाहकता पडते.

खरेदीआधी सिलिकाचा आकडा मागाच. काहीशे पीपीएम सिलिकासुद्धा कणांच्या सीमांवर साचून आयनांची वाट अडवते. इम्पीडन्स (एसी प्रवाहाला होणारा रोध) ३०० अंशांच्या आसपास मोजा. तिथे आलेखात कणांचा आणि सीमांचा कंस वेगळा दिसतो, ६०० ला दिसत नाही.

उणीव मोठी आहे. हायड्रोजनच्या बाजूला सिरियमची संयुजा चारवरून तीनवर उतरते, इलेक्ट्रॉन इलेक्ट्रोलाइटच्या आतूनच वाहू लागतात आणि १.१ च्या जागी ०.९ व्होल्ट किंवा त्याहून कमी मिळतात. स्फटिकाची जाळी फुगल्याने तडेही जातात. तापमान ६५० च्या पुढे न्यायचंच असेल, तर हायड्रोजनच्या बाजूला झिर्कोनियाचा पातळ, घट्ट थर द्या.