लघुप्रबंधासाठी युरोपीय संघ की आसियान?

राज्यशास्त्राच्या एम.ए.ला असलेल्या दोघा-तिघांनी या महिन्यात मला एकच प्रश्न विचारला. "दादा, देशांचा गट मिळून परराष्ट्र आणि सुरक्षा धोरण कसं ठरवतो, यावर लिहायचंय. युरोपीय संघ घेऊ की आसियान?" मी स्वतः या प्रश्नापायी एक अख्खं सत्र घालवलं आहे. आधी आसियान, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांची संघटना, घेतली, चार महिने वाचली आणि मग सोडून युरोपीय संघाकडे वळलो. माझं पारडं कुठं झुकतं हे त्यावरून कळेलच. तेवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

स्थापना, सदस्य, मुख्यालयं हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. प्रबंधाच्या दृष्टीनं प्रश्न एकच उरतो: एका सदस्यानं "नाही" म्हटलं, तर पुढं काय होतं? कारण दोन्हीकडे एकमत लागतं. युरोपीय संघाच्या करारातलं कलम 31 परराष्ट्र धोरणाचे निर्णय मोजके अपवाद वगळता एकमतानं घ्यायला सांगतं. आसियानच्या सनदेतलं कलम 20 सल्लामसलत आणि सहमतीची भाषा करतं. कागदावर दोन्ही सख्खी भावंडं वाटतात. दस्तऐवज उघडून बसलं की फरक कळायला लागतो.

मला आसियानची ओढ होती आणि ती अजूनही पुरती गेलेली नाही. आपल्या शेजारची संघटना, म्यानमारची सीमा थेट मिझोराम-मणिपूरला लागलेली. भारत 1996 पासून तिच्या सुरक्षाविषयक प्रादेशिक मंचात आहे आणि 2003 मध्ये त्यानं तिच्या मैत्री आणि सहकार्य करारावर सही केली. वाचायलाही ती आटोपशीर: सनद दोन-तीन बैठकांत वाचून होते. शिवाय माझ्याकडे प्रकरणही नामी होतं. जुलै 2012 मध्ये कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हला, परराष्ट्रमंत्र्यांची बैठक संयुक्त निवेदनाविना संपली. 45 वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं होतं. दक्षिण चीन समुद्रावर चीन आणि काही आसियान देश असे दोघेही हक्क सांगतात; त्या वादाबद्दल काय लिहायचं, यावर घोडं अडलं. अध्यक्षपद कंबोडियाकडे होतं. नंतर इंडोनेशियाचे परराष्ट्रमंत्री मार्टी नतालेगावा राजधान्यांच्या वाऱ्या करत फिरले आणि त्याच महिन्यात सहा मुद्द्यांवर सहमती जमवून आणली.

हे सगळं वाचून मी हुरळून गेलो होतो. त्यानंतरच्या वर्षांची निवेदनं एकापुढं एक ठेवून वाचायला घेतली आणि तिथं एक शब्द टोचायला लागला. त्याच समुद्रात चीन घालत असलेल्या भरावाबद्दल "काही मंत्र्यांनी व्यक्त केलेल्या चिंतेची" नोंद घेतली, असं 2015 मध्ये लिहिलेलं सापडतं. 2016 मध्ये तेच. 2017 मध्येही तेच. काही म्हणजे कोण? फिलिपिन्स आणि व्हिएतनाम असणार हे सांगायला संशोधन लागत नाही. पण बाकीचे गप्प होते की विरोधात होते? मसुद्यातलं कुठलं वाक्य कुणी कापलं? बदल्यात कुणाला काय मिळालं? निवेदन याबद्दल ताकास तूर लागू देत नाही. जून 2016 मध्ये चीनमधल्या कुनमिंगला झालेल्या आसियान-चीन बैठकीनंतर मलेशियानं एक निवेदन प्रसिद्ध केलं आणि काही तासांत ते मागे घेतलं गेलं. माझ्या पानावर त्या घटनेखाली फक्त प्रश्नचिन्हं जमली होती. मार्गदर्शक सर शांतपणे म्हणाले, "हा तुझा अंदाज आहे. पुरावा कुठाय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या "काही" पायी मी आसियान सोडली.

यात आसियानला दोष द्यावा असं मला वाटत नाही. कुणाचा मुखभंग होऊ नये, मतभेद दाराआड मिटावेत, ही तिथली जाणीवपूर्वक जपलेली रीत आहे आणि 1967 पासून तिनं एकमेकांकडे संशयानं बघणाऱ्या देशांना एका टेबलाशी बसवून ठेवलं आहे. ज्यांना आसियानच्या मुख्यालयाच्या गावी, जकार्ताला, जाऊन निवृत्त राजदूतांशी बोलता येईल, त्यांना या दाराआडचं बरंच मिळत असेल. मला ते शक्य नव्हतं आणि आपल्यातल्या बहुतेकांना नसतं.

युरोपीय संघात बंद दारं नाहीत असं नाही. राजकीय आणि सुरक्षा समितीत राजदूतांमध्ये काय बोलणं झालं, हे तिथंही कुणी छापत नाही. पण घोडं कुठं पेंड खातं, ते दिसतं. 2020 चं उदाहरण घ्या. बेलारूसमध्ये 9 ऑगस्टला वादग्रस्त निवडणूक झाली, निर्बंध लावावेत असं जवळपास सगळ्यांचं मत होतं, पण सायप्रस अडून बसला. बेलारूसशी त्याचं वैर नव्हतं. पूर्व भूमध्य समुद्रात तुर्कस्तान करत असलेल्या उत्खननाबद्दल संघानं कडक भूमिका घ्यावी, ही त्याची मागणी होती आणि ती त्यानं उघडपणे मांडली. ऑक्टोबरच्या पहिल्या दोन दिवसांतल्या शिखर बैठकीत तुर्कस्तानबद्दलची भाषा ठरली आणि लगेच बेलारूसच्या 40 जणांवर निर्बंध लागले. कुणी अडवलं, किती दिवस, कशासाठी, सुटलं कसं: चारही उत्तरं पुराव्यानिशी हाती लागतात.

दुसरी सोय कॅलेंडरची. रशियाविरुद्धचे आर्थिक निर्बंध दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैच्या अखेरीआधी, एकमतानं वाढवावे लागत आले आहेत. म्हणजे नकाराधिकाराची घासाघीस कधी होणार, हे आधीच कळतं. जानेवारी 2025 मध्ये हंगेरीनं हात आखडता घेतला आणि ऊर्जासुरक्षेबद्दल शब्द मिळाल्यावर 27 तारखेला मान्यता दिली. त्याच वर्षी मार्चपासून युक्रेनबद्दलचा मजकूर "27 पैकी 26 नेत्यांचा ठाम पाठिंबा" अशा शब्दांत प्रसिद्ध होऊ लागला. नॉम पेन्हला जे झालं, ते इथं होऊ दिलं नाही. एकाला, म्हणजे हंगेरीला, बाहेर ठेवून बाकीच्यांनी आपलं म्हणणं लिहून काढलं. "काही मंत्री" आणि "27 पैकी 26" हे दोन शब्दप्रयोग मी एका कार्डावर एकाखाली एक लिहून ठेवले होते. माझा प्रबंध तिथून सुरू झाला.

मंत्री बैठकीला आत जाताना दारातच पत्रकारांशी बोलतात, त्याची चित्रफीत मिळते. बैठक असली की दुपारचं जेवण उरकून मी ती बघत बसायचो. कोण कुठं अडणार, हे त्यावरून बरेचदा आधीच उमगायचं.

त्रास युरोपातही आहे. संघाच्या मूळ मास्ट्रिख्ट करारात या धोरणाची कलमं इंग्रजी J या अक्षरानं सुरू होतात, अ‍ॅमस्टरडॅम करारानंतर ती 11 ते 28 झाली आणि लिस्बन करारानंतर 21 ते 46. जुन्या लेखातलं कलम नव्या करारात शोधताना पहिले दोन महिने डोकं भणाणतं. एक तक्ता करून भिंतीवर लावा, मग जमतं. शिवाय आपल्याशी संबंध काय, असं तोंडी परीक्षेत विचारतात. त्याचं उत्तर आता सोपं आहे: जुलै 2025 मधल्या रशियाविरुद्धच्या निर्बंधांच्या 18 व्या संचात गुजरातमधल्या वाडिनारची नायारा रिफायनरी आली आणि तो संच त्याआधी काही आठवडे स्लोव्हाकियानं रोखून धरला होता.

म्यानमार हाच तुमचा जिव्हाळ्याचा विषय असेल, तर मात्र आसियानच घ्या. तिथल्या लष्करी उठावानंतरची एप्रिल 2021 ची पंचसूत्री सहमती आणि त्याच ऑक्टोबरात लष्करप्रमुख मिन आँग लाइंग यांना शिखर परिषदेपासून दूर ठेवण्याचा निर्णय, या दोन्हींवर लिहिण्यासारखं पुष्कळ आहे आणि तिथं पुरावाही तुलनेनं बरा मिळतो. समुद्राच्या वादाला मात्र हात घालण्याआधी तीन वर्षांची निवेदनं स्वतः वाचून बघा.

अजूनही ठरत नसेल, तर सायप्रसचं प्रकरण एका आठवड्यात चार पानांत लिहून काढा आणि पुढच्या आठवड्यात नॉम पेन्हचं. प्रत्येक वाक्यासमोर पुरावा कुठला, ते समासात पेन्सिलीनं लिहा. ज्याचा समास भरेल, ते घेऊन सरांकडे जा.