टर्बो टायमर: घ्यावा का, आणि घ्यायचा तर कोणता

चावी काढली, दार लावलं, तरी इंजिन दोन-तीन मिनिटं चालू राहतं आणि मग आपोआप बंद होतं. टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या (इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या) जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, बंद होण्याआधी थोडा निवावा म्हणून. टर्बो टायमरचं काम एवढंच. एक छोटी डबी, तिच्यावर आकडे आणि दोन-तीन बटणं, आणि इग्निशनच्या वायरिंगमध्ये जोडायची हार्नेस (तारांचा जुडगा). यात तीन प्रकार मिळतात: ठरावीक वेळेचा, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) बघून स्वतः वेळ ठरवणारा, आणि एक्झॉस्टचं तापमान मोजणारा. डिझेलसाठी तिसराच घेण्यासारखा आहे. पहिल्याचं काम मनगटावरचं घड्याळही करतं. दुसऱ्याची गफलत अशी की डिझेल इंजिन किती तापलंय हे नुसत्या आरपीएमवरून कळत नाही, ते किती डिझेल जळतंय त्यावर ठरतं. ओझं घेऊन १,८०० आरपीएमवर चढ चढणाऱ्या इंजिनाचा टर्बो, उतारावर पाय काढून ३,००० वर फिरणाऱ्या इंजिनापेक्षा कितीतरी जास्त तापलेला असतो. टायमर मात्र दुसऱ्यालाच जास्त वेळ देतो.

आता थंड करायचं ते नेमकं काय? छोट्या टर्बोचा शाफ्ट (मधला दांडा) मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो आणि बेअरिंगमध्ये ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. पूर्ण लोडवर टर्बाइनमध्ये (टर्बोच्या वायूने फिरणाऱ्या चाकात) शिरणारा वायू ६०० ते ७५० अंश सेल्सिअस असतो. इंजिन बंद केलं की ऑइलचा दाब लगेच जातो. शाफ्ट थांबेपर्यंत काही क्षण दाबाविना फिरतो, पण खरं नुकसान त्यानंतर, गाडी उभी असताना होतं. टर्बाइनचं जाड ओतीव हाउसिंग (कवच) साठवलेली उष्णता बेअरिंगकडे सोडत राहतं आणि तिथे अडकलेलं ऑइल जागच्या जागी करपतं. आधी तपकिरी, वार्निशसारखा चकचकीत थर बसतो, मग त्यावर काळी, नखाने न निघणारी खर जमते. टर्बाइनकडच्या सीलची रिंग तिच्या खाचेत चिकटते. ऑइल आणणाऱ्या नळीचं भोक आधीच काही मिलिमीटरचं, तेही आतून अरुंद होतं. म्हणजे पुढच्या वेळी ऑइल आणखी कमी पोहोचतं. निळसर धूर, सायरनसारखी शिटी आणि हाताला जाणवणारा शाफ्टचा पुढेमागे खेळ दिसायला लागतो, तोवर टर्बो उघडण्याची वेळ आलेली असते.

आयडलिंगचा, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन नुसतं मंद चालू ठेवण्याचा, फायदा डिझेलला विशेष होतो. हवा पुरेशी आत येते, डिझेल अगदी थोडं जळतं, त्यामुळे बाहेर पडणारा वायू तुलनेने थंड असतो आणि टर्बाइनला आतूनच गार करत जातो. त्याच वेळी ऑइल बेअरिंगमधली उष्णता वाहून नेतं. म्हणूनच बंद करण्याआधी रेस देण्याची सवय इतकी वाईट: टर्बो पुन्हा वेगात येतो आणि नेमकं तेव्हाच ऑइल तुटतं.

तापमानाच्या टायमरलाही एक मर्यादा आहे, आणि सेटिंग करताना बहुतेकांची चूक तिथेच होते. आयडलवर आल्यावर वायूचं तापमान अर्ध्या मिनिटातच धाडकन उतरतं, लोखंडाचं नाही. नुसता आकडा बघून इंजिन बंद करणारा टायमर घाई करतो. म्हणून ‘तापमान या खाली’ आणि ‘निदान इतके सेकंद’ या दोन्ही अटी एकत्र लावता येतील असंच मॉडेल घ्यावं. इंजिन पूर्ण गरम असताना काही मिनिटं आयडलवर ठेवा, आकडा कुठे स्थिरावतो ते लिहून ठेवा आणि त्याच्या २० ते ३० अंश वर मर्यादा लावा. इंजिन १६० वर स्थिरावत असेल आणि तुम्ही १४० लावलंत, तर टायमर प्रत्येक वेळी कमाल वेळेपर्यंत चालत राहील. किमान वेळ ६० सेकंद, कमाल ५ मिनिटं. त्याहून जास्त आयडलिंगने टर्बोला काही मिळत नाही, उलट अर्धवट जळालेली काजळी डीपीएफमध्ये (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) साठते.

तापमानाचा प्रोब के-टाइप थर्मोकपल (जास्त उष्णता मोजणारा, दोन धातूंच्या तारांचा सेन्सर) असावा. तो टर्बोच्या आधी मॅनिफोल्डमध्ये (इंजिनातला वायू गोळा करून टर्बोकडे नेणाऱ्या ओतीव नळीत) बसवला तर लोडवरची खरी उष्णता दिसते. टर्बोनंतर बसवला तर लोडवर आकडा शंभर अंशांहूनही जास्त कमी दिसू शकतो. आधी बसवायचा असेल तर मॅनिफोल्ड काढूनच भोक पाडावं. ड्रिलला ग्रीस लावलं की चुरा चिकटतो, असं म्हणून जागेवरच भोक पाडणारे असतात. एक कण सुटला तरी तो टर्बाइनच्या पात्यावर आदळतो. तसा धोका पत्करण्यापेक्षा प्रोब नंतरच्या पाइपात बसवलेला बरा.

वायरिंगमध्ये कायमचा १२ व्होल्ट, इग्निशन, अॅक्सेसरी, अर्थ (गाडीच्या सांगाड्याला जोडायची) आणि हँडब्रेक अशा तारा येतात. इग्निशनच्या तारेतून चांगलाच करंट जातो, त्यामुळे हार्नेसची तार मूळ तारेइतकी जाड हवी आणि जोड सोल्डर केलेला किंवा नीट क्रिम्प केलेला. नुसती चिमटून बसवलेली क्लिप सैल पडते, गरम होते आणि गाडी चालता चालता बंद पडते. हँडब्रेकची तार कधीच कायमची अर्थला जोडू नका, नाहीतर टायमरला हँडब्रेक नेहमीच ओढलेला वाटेल. बसवून झाल्यावर पहिली चाचणी हीच: टायमर चालू असताना हँडब्रेक सोडा, इंजिन त्याच क्षणी बंद व्हायला हवं. नाही झालं तर गाडी ताब्यात घेऊ नका.

काही ठिकाणी हा टायमर नकोच. मॅन्युअल गिअरच्या गाडीला तो न्यूट्रलची सक्ती करतो, म्हणजे उतारावर गिअरमध्ये लावून जाता येत नाही. बंद गॅरेजमध्ये विषारी वायू साठतो. वाळक्या गवतावर गाडी उभी करून निघून जाणंही धोक्याचंच. बटणस्टार्टच्या गाडीत खास त्या मॉडेलसाठीचं मॉड्यूल नसेल तर नाद सोडावा. डिझेल पुरवणाऱ्या जुन्या पंपाच्या इंजिनात बंद करायला ओढायची केबल असेल, तर चावीशी इंजिनाचा संबंधच नसतो आणि टायमर निरुपयोगी ठरतो. करंट मिळत असेपर्यंत डिझेल चालू ठेवणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) असेल तर टायमर उत्तम चालतो. डीपीएफचं रिजनरेशन (साठलेली काजळी जाळून टाकणं) चालू आहे हे मात्र साध्या टायमरला कळत नाही. आयडल नेहमीपेक्षा वर, पंखा जोरात आणि गरम वास असेल तर गाडी आणखी थोडी चालवून ते पूर्ण होऊ द्यावं.

रोजच्या शहरी वापरात शेवटचे दोन किलोमीटर हलक्या पायाने काढले तर टर्बो वाटेतच निवतो, वर अर्धा मिनिट आयडलिंग पुरतं. बेअरिंग हाउसिंगला पाणी फिरत असेल, त्यातही इंजिन बंद झाल्यावर चालणारा इलेक्ट्रिक पंप असेल, तर टायमरवरचा खर्च जवळपास वाया. पैसे वसूल होतात ते ओझं ओढणाऱ्या, लांब चढ चढून लगेच थांबणाऱ्या, हायवेच्या वेगातून थेट पेट्रोल पंपावर वळणाऱ्या गाडीत, आणि विशेषतः चालक बदलत राहतात तिथे. अवजड इंजिनांना अशा वेळी ३ ते ५ मिनिटं द्यायची असतात, आणि ती प्रत्येक चालक देईलच असं नाही.

जुना टर्बो बदलून मग टायमर बसवणार असाल, तर ऑइलची नळी आणि तिचा बँजो बोल्टही (नळी जोडणारा, आतून पोकळ बोल्ट) नवा घाला. जुन्या नळीतली खर धुऊन पूर्ण निघत नाही, आणि सुटलेला तुकडा थेट नव्या बेअरिंगमध्ये जातो.