एव्हीएचं वॉकिंग कन्व्हेन्शन, ऑल्बनी २०१९ : आईला घेऊन गेले होते, तो अनुभव

आईबाबा भारतातून सहा महिने राहायला आले की नायगारा होतो, न्यूयॉर्क होतं, आणि मग पुढं काय हा प्रश्न आपल्या सगळ्यांनाच पडतो. माझी आई साताऱ्याची, रोज पहाटे चालायची सवय, आळंदी ते पंढरपूर वारी दोनदा केलेली, आणि इथं न्यू जर्सीत आमच्या रस्त्याला धड फुटपाथ पण नाही. ती खिडकीत बसून राहायची ते मला बघवेना, तेव्हा ऑफिसातल्या एका बाईंनी एव्हीएबद्दल सांगितलं.

एव्हीए म्हणजे अमेरिकन व्होक्सस्पोर्ट असोसिएशन. मूळ कल्पना जर्मनीकडची, शर्यत नको नुसतं सगळ्यांनी मिळून चालायचं, त्याला तिकडं फोक्समार्च म्हणतात. आंतरराष्ट्रीय संघटना १९६८ मधली आणि अमेरिकेतली १९७६ मध्ये टेक्सासच्या फ्रेडरिक्सबर्ग गावात सुरू झाली. देशभर त्यांचे क्लब आहेत, आणि दोन वर्षांतून एकदा सगळे एका गावी जमतात तेच हे कन्व्हेन्शन. २०१९ ला ते न्यूयॉर्क राज्याच्या राजधानीत, ऑल्बनीला होतं, आमच्या एडिसनपासून गाडीनं तीन तासांवर, म्हणून म्हटलं जाऊच.

आधीच सांगते, संघटनेच्या मीटिंगा आणि वर्कशॉप ही क्लब चालवणाऱ्या लोकांसाठी असतात, रस्ता कसा आखायचा, नवीन माणसं कशी आणायची वगैरे. मी एका वर्कशॉपला बसले, चांगलं होतं, पण आपल्यासारख्यांनी जायचं ते चालायलाच. कन्व्हेन्शनच्या निमित्तानं ऑल्बनीत आणि आसपास आम्ही तीन दिवसांत चार वॉक केले.

पद्धत अशी की नाव नोंदवायचं, हातात नकाशा आणि कुठं वळायचं ते लिहिलेला कागद मिळतो, अंतर साधारण १० किलोमीटर, नाहीतर ५ चा छोटा रस्ता. सुरुवात ठरलेल्या दोन-तीन तासांत कधीही करा. घड्याळ लावून कोणी बसलेलं नसतं, पहिला नंबर दुसरा नंबर नाही. संपवून आलं की तुमच्या छोट्या वहीत शिक्का. वह्या दोन, एकीत किती वॉक झाले ते आणि दुसरीत किती किलोमीटर झाले ते. नवीन माणसाला दोन्हींचं स्टार्टर पॅकेट मिळतं. आईला तो शिक्का इतका आवडला की शाई वाळेपर्यंत वही उघडी धरून उभी राहिली.

आणि सगळ्यात उपयोगाची गोष्ट म्हणजे रेटिंग!! प्रत्येक रस्त्याला १ ते ५ आकडा आणि ए ते ई अक्षर असतं, आकडा चढाचा आणि अक्षर जमीन कशी आहे त्याचं. १ए म्हणजे सपाट आणि पक्का रस्ता, आकडा-अक्षर वाढेल तसं अवघड. म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाताना हे आधी कळणं किती मोठी गोष्ट आहे, आपल्याकडं कुठंही ट्रेकला 'सोप्पाय हो' म्हणतात आणि मग गुडघे धरून बसायची वेळ येते. मी फक्त २ पर्यंतचे निवडले आणि आईला कुठंच त्रास झाला नाही.

ऑल्बनी शहरातला वॉक आम्ही सावकाश केला, वाटेत मनाला येईल तिथं थांबत. एम्पायर स्टेट प्लाझातल्या कॉर्निंग टॉवरच्या ४२व्या मजल्यावर फुकट जाता येतं (फक्त कामाच्या दिवशी, लक्षात ठेवा), वरून हडसन नदी लांबवर दिसते. मग कॅपिटॉल, म्हणजे राज्याचं विधानभवन. ती इमारत १८६७ ला सुरू होऊन १८९९ ला संपली, आणि आत जो मोठा दगडी जिना आहे त्यावर नामवंतांचे ७७ चेहरे कोरलेत, शिवाय कितीतरी साध्या माणसांचे. आई त्या साध्या चेहऱ्यांपाशीच रेंगाळली, दगडावर हात ठेवून बघत राहिली. 'हे घडवणाऱ्यांचे घरचेच असतील गं,' म्हणाली. तिथंच आमचा पाऊण तास गेला आणि शेवटच्या टेबलावर कोणी उशीर का झाला म्हणून विचारलं नाही, उलट जिना बघितला का म्हणून विचारलं.

आईला इंग्रजी जेमतेम. पण दुसऱ्या वॉकपर्यंत तिला कागदावरचा एल म्हणजे डावीकडं आणि आर म्हणजे उजवीकडं हे कळलं होतं आणि तीच पुढं होऊन सांगायला लागली. सत्तरी ओलांडलेल्या दोन बायका तिच्याबरोबर चालत होत्या, पन्नास राज्यांत चालून झालेल्या, त्यांना मी वारीबद्दल सांगितलं, अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालत जातात म्हटल्यावर त्यांनी आईचा हात हातातच घेतला. मग साउथ डकोटात क्रेझी हॉर्स या मूळनिवासी योद्ध्याच्या डोंगरातल्या शिल्पापर्यंत चालत जातात ते त्यांनी सांगितलं, जूनच्या पहिल्या वीकेंडला असतं. रात्री आई म्हणाली, 'दिंडीत पण कोणी विचारत नाही किती वेळात आलीस, चालली ना, मग झालं.'

जेवणाचं मात्र आधी बघून ठेवा. आम्ही उतरलो त्या हॉटेलात शाकाहारी म्हणून सॅलड आणि उकडलेल्या भाज्या एवढंच, दोन रात्री आईनं घरून नेलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीवर काढल्या. आणि बूट नवे कोरे घालून जाऊ नका, माझ्या टाचेला पहिल्याच दिवशी फोड आला.

परत निघायच्या आधी ऑल्बनीच्या उत्तरेला साराटोगा स्प्रिंग्जचा वॉक केला. गावात खनिज पाण्याचे झरे आहेत, कोणीही प्यावं, प्रत्येकाची चव वेगळी. आईनं एक घोट घेतला आणि म्हणाली, 'इनोत मीठ घातल्यासारखं लागतंय,' तरी बाटली भरून घेतलीच.

दहा वॉक झाले की पहिलं बक्षीस मिळतं. चार शिक्के ऑल्बनीच्या ट्रिपचे, तीन त्याच उन्हाळ्यात न्यू जर्सीतले, आणि मग कोविडमुळं वही साताऱ्यात कपाटात दोन वर्षं. २०२२ ला आई परत आली तेव्हा एअरपोर्टवर पर्समधून पासपोर्टाबरोबर तीच वही काढून दाखवली, उरलेले तीन आम्ही पंधरा दिवसांत पुरे केले.